गाडी नवी, धूर नाही, गळती नाही, तरी इंजिन ऑइल कमी होतंय, काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की गाडी अडीच वर्षांची, १ लिटरचं तीन सिलेंडर टर्बो पेट्रोल, रनिंग २८ हजार, पुण्यात रोज ऑफिस आणि मधूनमधून कोल्हापूरला गावी. पिकअप मस्त, धूर नाही, पार्किंगमध्ये डाग नाही. मागच्या सर्व्हिसनंतर ६ हजार किमी झाल्यावर सहज डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची काडी) काढली तर ऑइल एकदम खालच्या खुणेला आलेलं. सर्व्हिस सेंटरने १ लिटर टॉपअप केलं, बिल लावलं आणि 'टर्बो गाडीत एवढं चालतं' म्हणून पाठवून दिलं. बाहेरचा मेकॅनिक म्हणतोय रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, इंजिन खोलावं लागेल. आता तुम्हाला कळत नाहीये की कोणाचं ऐकायचं.

सरळ सांगतो, आत्ता दोघांचंही ऐकू नका. इंजिन खोलू देऊ नका आणि 'नॉर्मल आहे' हे पण आकडा विचारल्याशिवाय मान्य करू नका, कारण दोघांपैकी कोणीच काही मोजलेलं नाहीये. माझं बरंचसं आयुष्य इंजिनकामात गेलंय आणि नव्या गाडीच्या ऑइलच्या तक्रारीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ह्यामुळेच, एकतर माणूस विश्वास ठेवून गप्प बसतो आणि एक दिवस कोरड्या इंजिनावर गाडी पळवतो, नाहीतर घाबरून चांगलं चालतं इंजिन खोलून बसतो.

आधी तुमचाच हिशोब करू. बहुतेक छोट्या गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं, काहींत थोडं कमी. म्हणजे ६ हजार किमीत १ लिटर, म्हणजेच १००० किमीला १७० मिलीच्या आसपास. हा आकडा खरा असेल तर इंजिन गेलेलं नाहीये, पण दुर्लक्ष करण्यासारखं पण नाहीये. आणि खरा आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही, कारण सर्व्हिसच्या दिवशी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं हे तुम्ही स्वतः बघितलं होतं का? बहुतेक जण बघत नाहीत. ड्रममधून गनने ऑइल भरतात, बिलावर साडेतीन लिटर असतं आणि आत तीनच गेलेलं असतं, किंवा उलटं पण होतं, अर्धा लिटर जास्त भरतात. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, फेस होतो, आणि ते ब्रीदरच्या (इंजिनातला गॅस परत जाळायला पाठवणाऱ्या भागाच्या) वाटेने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या वाटेत, जाऊन जळतं, मग सुरुवातीच्या काही किमीत लेव्हल भराभर खाली येते आणि मालकाला वाटतं गाडी ऑइल खाते. म्हणून सर्व्हिसहून गाडी घेताना गेटच्या आतच डिपस्टिक बघायची सवय लावा, फोटो काढा, ह्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

मी स्वतः जे आकडे धरून चालतो ते सांगतो, हे माझं मत आहे, कंपनीचं नाही. १००० किमीला १०० मिलीपर्यंत असेल तर काही करू नका, फक्त बघत रहा. १०० ते ३०० मध्ये कारण शोधायचं पण घाबरायचं नाही, खोलाखोली नाही. ३०० च्या वर गेलं आणि गाडी वॉरंटीत असेल तर लेखी तक्रार लगेच. आणि ५०० च्या वर म्हणजे आत काहीतरी नक्की आहे, तिथे कोणी नॉर्मल म्हणत असेल तर त्याला ते कागदावर लिहून द्यायला सांगा.

आता हे 'नॉर्मल' येतं कुठून, तर मॅन्युअलमधून. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १००० किमीला १ लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं छापलेलं असतं, टोयोटाच्या कितीतरी मॅन्युअलमध्ये हाच आकडा आहे, फोक्सवॅगन ग्रुपच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा अर्धा लिटर असतो. तो आकडा टोकाच्या वापरासाठीची वरची मर्यादा म्हणून दिलेला असतो, डोंगरात सतत लोड, सतत हायस्पीड वगैरे, पण काउंटरवर तो रोजच्या वापराचा आकडा म्हणून सांगितला जातो. विचार करा, छोट्या गाडीत एकूण ऑइलच साडेतीन-चार लिटर, सर्व्हिस १० हजारला, आणि हजाराला एक लिटर जात असेल तर दोन सर्व्हिसच्या मध्ये १० लिटर वरून घालावं लागेल, असं कोणी गाडी विकताना सांगतं का?

आणि ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही. अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनाच्या २००६ नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांत इतकं ऑइल जायला लागलं की कंपनीला टेस्टमध्ये नापास झालेल्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा वॉरंटी वाढवून बदलून द्याव्या लागल्या, तिथली मर्यादा १२०० मैलांना १ क्वार्ट, म्हणजे आपल्या हिशोबाने १००० किमीला जवळपास अर्धा लिटर. सुबारूने ह्याच तक्रारीवरून २०१६ मध्ये कोर्टातल्या तडजोडीत काही गाड्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. फोक्सवॅगन-ऑडीच्या ईए८८८ घराण्यातल्या दुसऱ्या पिढीच्या टर्बो इंजिनात ऑइल रिंग बारीक आणि पिस्टनमधली ऑइल परत जायची भोकं छोटी, ती कार्बनने बुजायची आणि इंजिन ऑइल प्यायला लागायचं, ह्याच घराण्यातलं १.८ लिटर आपल्याकडे सुपर्ब आणि लॉरामध्ये आलेलं. सांगायचं कारण एवढंच की कंपनीचं डिझाईन पण चुकू शकतं, आणि हे सगळं मान्य कधी झालं तर गाडीमालकांनी मोजून, लिहून, पाठपुरावा केला तेव्हा.

मुळात नव्या इंजिनात हे जास्त का दिसतं ते समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. मायलेज आणि प्रदूषणाचे नियम गाठायला कंपन्यांनी पिस्टन रिंगा बारीक केल्या आणि त्यांचं टेन्शन कमी केलं, म्हणजे त्या बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) पूर्वीइतक्या जोरात घासत नाहीत, घर्षण कमी, पेट्रोल कमी. ऑइल पण पातळ झालं, पूर्वी २०डब्ल्यू-४० चालायचं तिथे आता ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२०. वरून टर्बो, त्याचं बेअरिंग ह्याच ऑइलवर चालतं. आणि एवढ्या छोट्या इंजिनातून शंभरच्या वर हॉर्सपॉवर काढायची तर पिस्टनजवळ उष्णता प्रचंड. ऑइल रिंगचं काम बोअरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) पाठवायचं, तिच्या खाचेत कार्बन धरला की ती चिकटते, हलत नाही, आणि ऑइल वर राहून जळतं. शहरात बंपर टू बंपर चालणाऱ्या गाडीत हा कार्बन लवकर धरतो, कारण ओडोमीटर ५ हजार दाखवतो पण इंजिन आयडलिंगवर कितीतरी तास जास्त चाललेलं असतं. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी अडकणाऱ्या गाडीचे ५ हजार आणि हायवेवरच्या गाडीचे ५ हजार हे इंजिनाच्या दृष्टीने एक नाहीतच.

आता मोजायचं कसं. हे नीट वाचा कारण सगळं ह्यावर अवलंबून आहे. सपाट जागा शोधा आणि प्रत्येक वेळी तीच जागा, तसाच टायरचा पॉइंट. सोसायटीच्या बेसमेंटला बऱ्याचदा पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही पण डिपस्टिकला कळतो. मॅन्युअलमध्ये गरम इंजिनावर बघायला सांगितलं असेल तर इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटं थांबून बघा, थंड सांगितलं असेल तर सकाळी स्टार्ट करायच्या आधी, पण एकदा गरम एकदा थंड असं करू नका. काडी काढायची, स्वच्छ कापडाने पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची आणि दोन्ही बाजू बघायच्या, जी बाजू कमी दाखवते ती धरायची. एकदा बघून विश्वास ठेवू नका, दोनदा बघा. वरच्या खुणेपर्यंत बरोबर भरा, त्याच्या वर थेंब नको, ओडोमीटरचा आणि काडीचा फोटो काढून ठेवा. मग दर ५०० किमीला बघायचं आणि १००० किमी झाले की मापाच्या कपाने १००-१०० मिली घालत परत त्याच खुणेपर्यंत आणायचं, जेवढं घातलं तेवढं गेलं. काडीवरून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं. शक्यतो एका हजारावर थांबू नका, दोन-तीन हजार करा.

इथे एक गोष्ट आहे जी चांगले चांगले मेकॅनिक पण लक्षात घेत नाहीत. तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणारं असेल तर छोट्या छोट्या फेऱ्यांत, इंजिन नीट तापायच्या आत बंद होत असेल तर, थोडं पेट्रोल भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे एकीकडे ऑइल जळतंय आणि दुसरीकडे पेट्रोल भर घालतंय, काडीवर लेव्हल तशीच. महिनाभर पुण्यात फिरून लेव्हल हललीच नाही म्हणून तुम्ही खूष, आणि मग कोल्हापूरला जाऊन आलात, हायवेला ऑइल तापलं, त्यातलं पेट्रोल उडून गेलं, आणि एकाच ट्रिपमध्ये काडी अर्धी खाली. लोकांना वाटतं हायवेला पळवल्यामुळे गाडीने ऑइल प्यायलं. थोडं प्यायलं असेलही, पण बाकीचं पेट्रोल होतं. काडीचा वास घ्या, पेट्रोलचा वास स्पष्ट येत असेल तर हे चालू आहे असं समजा. त्यामुळे मोजणी सुरू करायची ती लांबच्या प्रवासानंतर आणि संपवायची ती पण लांबच्या प्रवासानंतर, म्हणजे दोन्ही वेळा ऑइलमध्ये पेट्रोल कमीत कमी. तुमच्या बाबतीत कोल्हापूरहून आल्यावर सुरू करा आणि पुढच्या वेळी कोल्हापूरहून आल्यावर बंद करा, मध्ये किती दिवस गेले त्याला महत्त्व नाही.

ज्यांची डिझेल आहे त्यांच्यासाठी एवढंच, बीएस६ आल्यापासून म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. तिथे लेव्हल वाढते. वरच्या खुणेच्या वर चढत असेल तर ते कमी होण्याइतकंच वाईट, ऑइल पातळ झालेलं असतं, तसं चालवू नका, बदला.

बरं, आता ऑइल जातंय कुठे. पार्किंगमध्ये डाग नाही म्हणून गळती नाही असं तुम्ही धरलंय, ते बरोबर नाही. नव्या गाड्यांना इंजिनाखाली प्लास्टिकचं किंवा फेल्टसारखं अंडरकव्हर असतं, गळलेलं ऑइल ते शोषून घेतं, जमिनीवर थेंब पडतच नाही. गाडी लिफ्टवर घेऊन ते कव्हर काढून आतली बाजू बघायला सांगा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर सर्व्हिसला नवा टाकायचा असतो, बरेच जण जुनाच परत टाकतात, तिथून घाम आल्यासारखं ऑइल येतं. ऑइल फिल्टरचं रबर, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, टायमिंग कव्हरचा सांधा, टर्बोच्या ऑइल पाइपचे वॉशर, क्रँकचं मागचं सील हे सगळं टॉर्च मारून बघायचं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या बाजूने पाझरत असेल तर ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून तिथेच जळून जातं, डाग राहत नाही, फक्त सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो. असा वास आलाय का ते आठवा.

धुराचं पण तसंच. मागून निळा धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं पूर्वीच्या गाड्यांना म्हणता यायचं, आता पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो, थोडंथोडं ऑइल त्यात जळून जातं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. जेव्हा धूर दिसायला लागतो तेव्हा प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. पण तरी काही वेळा धूर खूप काही सांगतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका आणि मग साफ, म्हणजे वॉल सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलवर) संशय, रात्रभर हेडमधलं ऑइल वॉलच्या दांड्यावरून खाली झिरपलेलं असतं. जोरात ॲक्सिलरेटर दिला की सतत निळा, म्हणजे रिंगांवर संशय. आणि आपल्याकडे एक फार चांगली टेस्ट फुकटात करता येते, घाट. आंबोलीसारखा लांब घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरा, त्या वेळी इनटेकमध्ये व्हॅक्यूम खूप तयार होतो आणि तो वॉल सीलमधून, रिंगांच्या बाजूने ऑइल वर ओढतो. खाली सपाटीला आलात की एकदम ॲक्सिलरेटर द्या आणि मागच्या गाडीत ओळखीचा माणूस बसवून बघायला सांगा. तिथे निळा ढग निघाला तर वॉल सील किंवा रिंगा, लपून राहत नाही.

ब्रीदर, ज्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात, तो मला सगळ्यात आधी तपासावासा वाटतो, कारण भाग छोटा आणि दोष मोठा. पिस्टनच्या बाजूने खाली उतरलेला गॅस चेंबरमधून परत इनटेकला जाळायला पाठवायचा आणि त्यातलं ऑइल वेगळं करून खाली ठेवायचं हे त्याचं काम. आतला रबरी पडदा फाटला की इनटेक थेट ऑइलची वाफ खेचायला लागतो. बघायची पद्धत: इंजिन आयडलला, ऑइल भरायची टोपी हळूच सैल करा, गरम ऑइल उडू शकतं म्हणून चेहरा लांब ठेवा. टोपी आत घट्ट ओढली जातेय, निघत नाहीये, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर पडदा फाटलेला असण्याची शक्यता जास्त. उलट टोपीतून जोरात फुंकर बाहेर येतेय, टोपी नाचतेय, तर ब्रीदर चोक आहे किंवा रिंगांमधून गॅस खाली मारतोय. टोपी काढल्यावर इंजिन किंचित अडखळतं हे बऱ्याच गाड्यांत नॉर्मल असतं, त्याला घाबरू नका. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह सुटा मिळतो, काहींत टॅपेट कव्हरमध्येच असतो, मग अख्खं कव्हर घ्यावं लागतं, पण तरी इंजिन खोलण्याच्या तुलनेत किरकोळ खर्च.

टर्बोबद्दल घाई करू नका. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपात बोट फिरवून ऑइलचा थर दाखवतात आणि टर्बो गेला म्हणून सांगतात. तो पातळ थर ब्रीदरच्या वाफेमुळे जवळपास प्रत्येक टर्बो गाडीत असतो. पाइप काढल्यावर ऑइल सांडलं, डबकं दिसलं, टर्बोच्या पंख्याला हाताने हलवून वरखाली खेळ लागला, तेव्हा टर्बो.

हे सगळं साफ निघालं तर मग रिंगा. आणि इथे एक मोठा गैरसमज आहे, कंप्रेशन टेस्ट केली, सगळ्या सिलेंडरला बरोबर आलं, म्हणून रिंगा ठीक आहेत. कंप्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा, ऑइल खरवडते ती तिसरी, तिसरी पूर्ण चिकटलेली असली तरी कंप्रेशन नव्यासारखं येऊ शकतं आणि पिकअप पण मस्त असतो, तुमच्यासारखाच. त्यापेक्षा प्लग काढून बघा, एखाद्याच प्लगवर ओला काळा कार्बन असेल तर तो सिलेंडर दोषी. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघायला सांगा, ज्या सिलेंडरमध्ये ऑइल वर येतं तिथे पिस्टनच्या कडेचा कार्बन धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. हे अर्ध्या तासाचं काम आहे, इंजिन न उघडता.

आता सर्व्हिस सेंटरशी कसं बोलायचं. तुमची गाडी वॉरंटीत आहे की नाही हे आजच तपासा, एक्स्टेंडेड घेतली असेल तर तिचा कागद काढा. वॉरंटी चालू असेपर्यंत बाहेर काहीही उघडू नका, प्लग पण नको, टॅपेट कव्हर पण नको. तिथे जाऊन 'ऑइल कमी होतंय' एवढंच तोंडी सांगू नका, जॉबकार्डवर लिहून घ्या: अमुक किमीला लेव्हल वरच्या खुणेला, अमुक किमीला एवढे मिली घातले, ऑइल कन्झम्प्शन टेस्ट करून लेखी रिपोर्ट द्यावा. ही टेस्ट प्रत्येक कंपनीकडे ठरलेली असते. ऑइल आणि फिल्टर बदलून लेव्हल बरोबर करतात, ड्रेन बोल्ट, फिल्टर, टोपी, डिपस्टिक ह्यांना सील किंवा रंगाची खूण करतात आणि ठराविक किमी झाल्यावर बोलावतात. त्या मधल्या काळात तुम्ही सील तोडायचं नाही. पण लेव्हल कमी झाल्याचा दिवा लागला तर गाडी चालवत न्यायची नाही, फोन करून त्यांना कळवायचं. आधीचे टॉपअपचे बिल टाकू नका, तेच पुरावे आहेत, ज्या बिलाचा तुम्हाला राग आलाय तेच उद्या उपयोगी पडेल.

रिपोर्ट देत नसतील तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, फोटो आणि आकडे जोडून, फोनवर भांडण नको. त्यानेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून 'बघू पुढच्या सर्व्हिसला' असं म्हणत वॉरंटी संपवू नका. मी बघितलंय की आकडे लिहिलेला माणूस समोर आला की बोलणंच बदलतं.

ऑइलच्या ग्रेडबद्दल. मॅन्युअलमध्ये जे दोन-तीन ग्रेड दिलेत त्यातलाच घ्यायचा. ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तर आपल्या हवेत, खास करून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, मी ५डब्ल्यू-३० कडे जाईन, मायलेजचा फरक नगण्य. एकच ग्रेड दिला असेल तर वॉरंटीत दुसरा टाकू नका. ऑइल किती उडून जातं हे मोजायची नोॲक नावाची टेस्ट असते, २५० डिग्रीला तासभर ठेवून किती टक्के वजन घटलं ते बघतात, एपीआय एसपी (ऑइलचा दर्जा सांगणारी डबीवरची खूण) ऑइलला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, चांगल्या फुल सिंथेटिकचा आकडा त्याच्या बराच खाली असतो, कंपनीच्या डेटाशीटवर मिळतो, टर्बो गाडीला तो बघून घेणं फायद्याचं. आणि डबीवर एपीआय एसपी आहे की नाही ते जरूर बघा, कारण टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ऑइलचे थेंब वर आले की कमी आरपीएमला अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो आणि एसपीमध्ये त्याची टेस्ट घेतलेली असते. त्याच कारणासाठी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १३००-१४०० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय सोडा, एक गिअर खाली घ्या.

२०डब्ल्यू-५० टाका म्हणजे पीत नाही, असा सल्ला कोणीतरी देईल. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या बारीक वाटा, टायमिंगचे सोलेनॉइड, टर्बोचं बेअरिंग ह्यांना ते थंडीत वेळेवर पोचत नाही. धूर बंद करणाऱ्या बाटल्या पण तेच करतात, ऑइल जाड करतात, आतला दोष तसाच. ऑइल दुकानातून घेत असाल तर कंपनीच्या डीलरकडूनच घ्या, आणि रिकामा कॅन भंगारात द्यायच्या आधी भोक पाडून द्या, डुप्लिकेट माल त्याच कॅनमध्ये भरला जातो.

शहरातल्या टर्बोला मी १० हजारची वाट बघत नाही, ५ ते ७ हजारला ऑइल बदलायला सांगतो, त्याने रिंगेत कार्बन धरायचा वेग कमी होतो, हे खर्चिक वाटेल पण रिंगांचं काम त्याहून कितीतरी महाग आहे. घाट चढून किंवा हायवेला पळवून थांबलात की अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून मगच बंद करा.

समजा वॉरंटी संपलीय आणि आकडा २०० च्या आत आहे, तर खरं सांगायचं तर टॉपअप करत चालवा. १७० मिलीने १० हजार किमीत १.७ लिटर लागेल, लिटरला ७०० ते १००० रुपये धरले तरी बाराशे ते सतराशे रुपये, त्यासाठी इंजिन उघडणं मला पटत नाही. आकडा चढत असेल आणि कॅमेऱ्यात रिंगा चिकटल्याची शंका असेल तर आधी पिस्टन सोक करून बघायला हरकत नाही, प्लग काढून कार्बन विरघळवणारं लिक्विड सिलेंडरमध्ये सोडून रात्रभर ठेवायचं. पण दुसऱ्या दिवशी प्लग न लावता आधी क्रँक मारून, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवून, ते सगळं बाहेर काढायचं, नाहीतर लिक्विड अडकून कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि लगेच ऑइल-फिल्टर बदलायचं. काही गाड्यांना ह्याने चांगला फरक पडतो, काहींना अजिबात नाही. वॉल सील निघाले तर बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता सिलेंडरला हवेचं प्रेशर देऊन बदलता येतात, त्यामुळे सीलसाठी हेड काढायचंच म्हणणाऱ्याला एकदा विचारा. ५०० च्या वर असेल तर मात्र टॉपअपवर दिवस काढू नका, ऑइलमधल्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो आणि तो भाग फार महाग आहे.

आणि एक, सगळ्यात महत्त्वाचं म्हणून शेवटी सांगतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा हा प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. तो लागतो तेव्हा बेअरिंगला ऑइल पोचणं बंद झालेलं असतं. लाल दिवा लागला की 'पुढच्या पंपापर्यंत नेतो' नाही, गाडी कडेला, इंजिन लगेच बंद, टो करून न्या. पिवळा लेव्हलचा दिवा बऱ्याच गाड्यांना नसतोच. म्हणून हा प्रश्न सुटेपर्यंत डिकीत त्याच ग्रेडची १ लिटरची सीलबंद बाटली आणि छोटं नरसाळं ठेवा आणि गावी निघायच्या आधी काडी बघितल्याशिवाय निघू नका.

आता तुम्ही एवढं करा: वॉरंटीची तारीख बघा, अंडरकव्हर काढून गळती बघून घ्या, पुढच्या कोल्हापूर फेरीनंतर मोजणी सुरू करा. मोजणी झाली की गाडीचं मॉडेल, ऑइलचा ग्रेड, किती किमीत किती मिली, काडीला पेट्रोलचा वास येतो की नाही आणि टोपीच्या टेस्टला काय दिसलं हे लिहून कळवा. त्यावरून पुढे क्लेम करायचा की ब्रीदर बदलून बघायचा ते सांगतो.